भीती आणि तौबा

एका रात्रीची गोष्ट असते. निरोध वापरलेला असतो. तरी पुढचे ३ महिने झोप उडते. घसा दुखला की एड्स, अंगावर पुरळ उठले की गरमी. नांदेड-लातुरात खोली करून राहणाऱ्या आपल्या तरुणांना हे बोलायलाही कोणी नसते. घरी सांगता येत नाही, मौलवीसाहेबांना तर नाहीच. मग ही धास्ती म्हणजेच तौबा, अशी मनाची समजूत घातली जाते. आम्हाला ती पटत नाही.

धास्तीपुरते उत्तर डॉक्टरांकडे आहे. निरोध नीट वापरला, फाटला नाही, तर एचआयव्हीचा धोका अगदी थोडा उरतो. कातडीच्या स्पर्शाने पसरणारे हर्पिस किंवा गरमीचे व्रण मात्र तो पुरते अडवत नाही, म्हणून एकदा तपासून घेणे शहाणपणाचे. फाटला असेल तर ७२ तासांच्या आत सरकारी दवाखाना गाठावा. तिथे २८ दिवसांचे प्रतिबंधक औषध मिळते. ३ महिन्यांनंतर एचआयव्हीची तपासणी निगेटिव्ह आली की त्या रात्रीपुरता विषय संपला. ही तपासणी मोफत असते, आणि २०१७ च्या कायद्याने तिचा निकाल गुप्त ठेवणे बंधनकारक आहे.

त्यानंतरही जो पुन्हा पुन्हा रक्त द्यायला जातो, त्याला शिक्षा हवी असते, असे आम्हाला वाटते. गुनाह झाला, मग अजाब का नाही आला?

रोगाला अजाब मानले की काय होते, ते लातूर जिल्ह्यातल्या हासेगावात २००९ मध्ये दिसले. सेवालयातली एचआयव्हीबाधित मुले जिल्हा परिषदेच्या शाळेत येऊ लागली, तेव्हा गावातल्या पालकांनी आपली मुले शाळेत पाठवणे थांबवले. शेजारी बसल्याने हा विषाणू लागत नाही, हे तेव्हाही माहीत होते. त्या लेकरांचा गुनाह कोणता?

उलमांनी तौबेच्या शर्ती सांगितल्या आहेत : गुनाह सोडणे, पस्तावणे, पुन्हा न करण्याचा इरादा. आजारी पडणे त्यात नाही. अल्लाहचे एक नाव सत्तार, ऐब झाकणारा. तेव्हा चारचौघांत कबुली देत फिरण्याचीही गरज नाही. पण बंद्याचा हक्क बुडाला असेल तर तो परत करावा, ही आणखी एक शर्त आहे, आणि नेमकी तीच विसरली जाते. लग्न झालेले असेल, निकाह ठरलेला असेल, तर तपासणी ही त्या बाईचा हक्क आहे. भीती असो वा नसो, ती करायलाच हवी.

आणि त्या रात्री सोबत जी होती, तिचे काय? तरुण विचारतो, तिच्याकडून मला काही लागले तर नसेल? आपल्याकडून तिला काही गेले असेल का, तीही कुठे रात्र-रात्र जागत असेल का, हा प्रश्न आम्ही अजून कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही.