डेडस्टॉकमधले संगणक

बरीच वर्षं बंद पडून असलेला बीबीसी मायक्रो हौसेनं सुरू केला की बऱ्याचदा धूर येतो, आणि गंमत म्हणजे धूर येत असतानाही संगणक चालूच राहतो. त्याच्या पॉवर सप्लायमधला विद्युत गोंगाट घरातल्या वायरिंगमध्ये जाऊ नये म्हणून आत कागदी कपॅसिटर बसवलेले असतात. त्यांच्या पिवळसर, पारदर्शक वेष्टनाला कालांतरानं बारीक तडे जातात आणि तड्यांतून ओल शिरते. मग वीज मिळताच कपॅसिटर फुटतो आणि जळका, उग्र वास खोलीतून लवकर जात नाही. पडद्यावरचा कर्सर मात्र लुकलुकत असतो, कारण हिशेबाच्या कामाशी या भागाचा काही संबंध नाही. नवा कपॅसिटर पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला किरकोळ पैशात मिळतो.

असं यंत्र भंगारात का जावं, हा माझा प्रश्न आहे. आणि त्याचं उत्तर यंत्रात नाही, असं माझं मत आहे.

एकॉर्न कंपनीचं हे यंत्र डिसेंबर 1981 मध्ये ब्रिटनमध्ये आलं. बीबीसीनं दूरदर्शनवरून संगणक-साक्षरतेची मोहीम काढली होती आणि माध्यमिक शाळांच्या संगणकाचा निम्मा खर्च सरकार उचलत होतं. 32 किलोबाइट स्मृती, 2 मेगाहर्ट्झचा 6502 प्रोसेसर. आज हे आकडे हास्यास्पद वाटतात. पण बाहेरची उपकरणं जोडायला भरपूर पोर्ट होते. झाकणाचे स्क्रू कोणते हे कळावं म्हणून त्यांच्याशेजारी ‘फिक्स’ असं छापलेलं होतं. आतल्या बऱ्याच चिपा सॉकेटमध्ये बसवलेल्या; पाय गंजून संपर्क तुटला, तर चिप अलगद उपसून पुन्हा दाबून बसवली की कित्येकदा काम भागतं. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये सर्किटचे नकाशे होते. मुलांनी ही यंत्रं धसमुसळेपणानं वापरली, बिघडवली, उघडली. पन्नाशी उलटलेली तीच मुलं आज ती दुरुस्त करताना दिसतात. ब्लेचली पार्कच्या संगणक संग्रहालयात तर बीबीसी मायक्रोंचा अख्खा वर्ग मांडलेला आहे आणि शाळकरी पोरं त्यावर बेसिक भाषेत प्रोग्रॅम लिहितात.

हेच यंत्र आपल्याकडेही आलं होतं. 1984-85 मध्ये केंद्र सरकारनं ‘क्लास’ या नावानं शालेय संगणक प्रकल्प सुरू केला, तो बीबीसी मायक्रो घेऊनच. पुढे मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सनं ते परवान्यावर ‘युनिकॉर्न’ म्हणून काढलं. त्या काळची शाळेतली संगणकाची खोली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना वेगळं सांगायला नको: चपला बाहेर, यंत्रावर कापडी आच्छादन, किल्ली सरांकडे. सरांना तरी दोष कसा द्यायचा? वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला चढलेली, बिघडली तर खुलासा त्यांनाच द्यावा लागणार. मग स्क्रू कोण उघडणार? वापर नाही म्हणून बिघाड लक्षात येत नाही, लक्षात आला तरी दुरुस्तीची तरतूद नाही, आणि शेवटी समिती बसते, निर्लेखनाचा ठराव होतो, लिलावात वजनावर विक्री होते. इतकी काळजी घेतली, की यंत्राची ओळख असलेलं माणूसच तयार झालं नाही.

घरच्या संगणकांना निदान रजिस्टर नव्हतं. पुण्याच्या डेसिबेल्स कंपनीनं 1980 च्या दशकात स्पेक्ट्रम प्लस हा घरगुती संगणक परवान्यावर बाजारात आणला. कॅसेट प्लेअरवरून प्रोग्रॅम भरायचा, घरातल्या टीव्हीवर पाहायचा. त्याचा खालचा 16 किलोबाइटचा स्मृतिभाग नाजूक. त्यातल्या चिपांना तीन वेगवेगळे व्होल्टेज लागतात आणि उणे पाच व्होल्टचा पुरवठा गेला की त्या जळतात. तरी मल्टिमीटर हाताळणाऱ्याला हे काम जमण्याजोगं आहे.

‘इम्युलेटर, म्हणजे आजच्या संगणकावर जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम, असताना हा उपद्व्याप कशाला?’ असं विचारलं जातं. आक्षेप पोकळ नाही. 1986 मध्ये बीबीसीनं 1086 च्या ‘डूम्सडे बुक’ची नऊशे वर्षं साजरी करताना देशभरातल्या लोकांकडून माहिती गोळा करून ती लेझर डिस्कवर साठवली. पंधराएक वर्षांतच ती वाचणं अवघड होऊन बसलं. मूळ हस्तलिखित मात्र लंडनच्या क्यूमधल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आजही वाचता येतं. त्या डिस्कवरची माहिती पुढे इम्युलेटरनं वाचवली हे खरं, पण ती उतरवून घ्यायला चालू स्थितीतला जुना प्लेअरच लागला. शिवाय यंत्राच्या पोर्टला तापमापक जोडून आकडे वाचणं, हा शाळेत शिकण्याचा भाग इम्युलेटरच्या खिडकीत मावत नाही.

‘मूळ भाग बदलू नयेत’ म्हणणाऱ्या संग्राहकांशी माझं जमत नाही. फुटू घातलेला कपॅसिटर जपून ठेवण्यात कसलं इतिहासप्रेम? उलट, पिवळं पडलेलं प्लॅस्टिक हायड्रोजन पेरॉक्साइडनं पांढरं करण्याची हौस मला अनावश्यक वाटते. ते पुन्हा पिवळं पडतं, आणि पिवळेपणानं काही अडत नाही.

एखाद्या जुन्या शाळेच्या कपाटात असं यंत्र अजून असेल, तर निर्लेखनाच्या यादीत त्याचं नाव लिहिण्याआधी एवढं करावं. प्लग लावू नये. पॉवर सप्लाय जाणत्या मेकॅनिककडून उघडून घ्यावा, कारण आत साठलेला विजेचा भार झटका देऊ शकतो. ते काम झालं की प्लग काढलेलाच ठेवून बाकीचं झाकण आठवी-नववीच्या मुलांना खोलू द्यावं, आणि एखादी चिप वाकडी बसली तर त्याबद्दल कुणाकडून खुलासा मागू नये.