अर्जातला माणूस

‘पाहिजेत’ या मथळ्याखालची जाहिरात वाचून अर्ज लिहायला बसलेल्या माणसाची मला नेहमी दया येते. समर्थांनी दासबोधात मूर्खांची लक्षणे सांगताना आपली स्तुती आपणच करणाऱ्याला त्यांत जागा दिली आहे. आणि इथे तर नेमके तेच करायचे, तेही अनोळखी साहेबापुढे, आणि वर ‘नम्र विनंती’ म्हणायचे! वर्गात मुलांना अर्ज शिकवताना मायना, विषय, समास हे सारे मी फळ्यावर नीट मांडतो. मग एखादा मुलगा हळूच विचारतो, “सर, नापास झालो असलो तर तेही लिहायचं का?” त्याचे उत्तर फळ्यावर मावत नाही.

अशा वेळी मला रामानुजन यांचा अर्ज आठवतो. ९ फेब्रुवारी १९१२ रोजी त्यांनी तो मद्रासच्या पोर्ट ट्रस्टकडे कारकुनाच्या जागेसाठी केला. आपल्या कचेरीत जागा रिकामी असल्याचे कळते. मी मॅट्रिक झालो असून एफ. ए. पर्यंत शिकलो आहे. काही प्रतिकूल गोष्टींमुळे पुढे शिकता आले नाही. मात्र सारा वेळ गणितात घालवीत आहे. नेमणूक झाल्यास कामाला न्याय देईन अशी खात्री वाटते. मजकूर साधारण इतकाच.

‘प्रतिकूल गोष्टी’ या दोन शब्दांच्या पोटात काय काय दडले होते! गणितापुढे बाकीचे विषय नकोसे झाल्याने कुंभकोणमच्या कॉलेजातली शिष्यवृत्ती गेली होती. पुढे मद्रासेत जाऊनही एफ. ए. ची परीक्षा पदरात पडली नाही. १९०९ मध्ये लग्न झाले होते, म्हणजे पगार हवाच होता.

कोणी कडक माणूस म्हणेल, हे अर्धसत्य झाले. मला तसे वाटत नाही. उद्या सगळे कळल्यावर साहेब ‘मी फसलो’ म्हणेल काय, एवढेच मी पाहतो. पोर्टातल्या हिशेबांना आकडे बरोबर जुळवणारा माणूस हवा होता, आणि तो त्यांना महिना ३० रुपयांत मिळाला. ज्याला डोळ्यांनी नीट दिसत नाही असा ड्रायव्हर ती गोष्ट न लिहिता अर्ज करील, तर त्याचा शब्दन् शब्द खरा असूनही तो अर्ज खोटाच. आणि जाहिरात तरी कुठे सारे सांगते? आधीचा माणूस नोकरी सोडून का गेला, हे मी कोणत्याही जाहिरातीत वाचलेले नाही.

पण माझी झोप उडवतो तो वेगळाच माणूस. त्याच जागेसाठी अर्ज करणारा, तितकाच लायक, पण ‘मी नापास झालो’ असे सरळ लिहून मोकळा झालेला. तो खरोखर होता की नाही, देव जाणे. पण असे अर्जदार प्रत्येक गठ्ठ्यात असतात, आणि त्यांचे अर्ज पहिल्या चाळणीतच खाली पडतात. “न विचारता सांगायची सक्ती नाही, विचारलं तर मात्र लपवायचं नाही,” असे मी मुलांना सांगतो, तेव्हा त्या भोळ्या माणसाशी आपण बेइमानी करतो आहोत असे मनात येते. त्याच्या खरेपणाचा भुर्दंड त्याने भरायचा आणि शहाणपणाचे धडे मात्र मी द्यायचे!

वर्षभराच्या आत, जानेवारी १९१३ मध्ये, रामानुजननी केंब्रिजच्या हार्डींना पत्र लिहिले. त्यात आपण वर्षाला अवघे २० पौंड मिळवणारे कारकून आहोत आणि विद्यापीठाचे शिक्षण आपल्याला नाही, हे त्यांनी सरळ सांगितले. वय मात्र सुमारे २३ लिहिले, आणि तेव्हा ते २५ वर्षांचे होते. ही नजरचूक की संकोच, कोण सांगणार? पत्राला सिद्धान्तांची पाने जोडलेली होती. हार्डींनी ती लिटलवुडना दाखवली, आणि दोघे ती पाने तपासत बसले.