उत्सर्ग, स्वीकार आणि कर्तृत्वभाव

स्वतःच्या सोयीसाठी लिहिलेले सॉफ्टवेअर डेबियनसारख्या मुक्त स्रोत ऑपरेटिंग सिस्टिममध्ये, म्हणजे जिचा मूळ कोड कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येतो अशा प्रणालीत, समाविष्ट होते तेव्हा त्यावरील स्वत्वाचे काय होते, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटला तरी धर्मशास्त्राला तो अपरिचित नाही. दानात दात्याचे स्वत्व संपून दुसऱ्याचे निर्माण होते, म्हणून प्रतिग्रहाशिवाय, म्हणजे घेणाऱ्याच्या स्वीकाराशिवाय, ते पुरे होत नाही. उत्सर्गात मात्र विहीर किंवा तळे कोणा एकाला न देता सर्व प्राणिमात्रांसाठी सोडले जाते, आणि त्या सर्वांत दाताही येत असल्यामुळे त्याला ते पाणी वर्ज्य ठरत नाही. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात हा भेद विशद केला आहे.

सोलापूरच्या भवानी पेठेतील एखाद्या यंत्रमागधारकाच्या घरी सुताच्या हिशेबासाठी लिहिलेला छोटा प्रोग्रॅम दृष्टान्तादाखल घेतला, तर तो मुक्त परवान्याने सर्वांसाठी खुला करणे हे उत्सर्गासारखे होय, आणि त्याला कोणाचा होकार लागत नाही. डेबियनमध्ये जाण्यासाठी मात्र पॅकेज करण्याचा मनोदय आधी जाहीर करावा लागतो, सदस्य नसलेल्याला आपले काम तपासून पुढे पाठवणारा पुरस्कर्ता शोधावा लागतो, आणि नव्या पॅकेजांच्या रांगेत परवान्यांची छाननी होते. अन्य ठिकाणाहून उचललेल्या एखाद्या फाइलचा परवाना संदिग्ध असला, तरी सबंध पॅकेज परत येऊ शकते. डेबियनने १९९७ मध्ये स्वीकारलेल्या तत्त्वांनुसार परवान्याला व्यक्ती, गट वा कार्यक्षेत्र यांत भेद करता येत नाही, त्यामुळे ‘व्यापारासाठी वापरू नये’ एवढी अटही प्रोग्रॅमला डेबियनच्या मुख्य विभागाबाहेर ठेवण्यास पुरते. व्यवहारात हा दंडक उत्सर्गाच्या संकल्पाहून कडकच म्हटला पाहिजे, कारण सर्व प्राणिमात्रांच्या नावाने सोडलेल्या पाणवठ्यांवर अस्पृश्य ठरवलेल्या माणसांनाच मज्जाव होता, आणि महाडच्या चवदार तळ्याचा वाद १९२७ च्या सत्याग्रहानंतर मुंबई उच्च न्यायालयात निकाली निघण्यास १९३७ साल उजाडावे लागले.

बाराव्या शतकात सोन्नलिगे, म्हणजे आजच्या सोलापुरात, तळे खोदवणाऱ्या शिवयोगी सिद्धरामेश्वरांशी शरणसंत अल्लमप्रभूंनी घातलेला वाद ‘शून्यसंपादने’ या कन्नड ग्रंथपरंपरेत आला आहे. काम लोकोपयोगी असले तरी ‘हे मी केले’ हा कर्तृत्वभाव गेला आहे काय, असा त्या वादाचा गाभा आहे. सॉफ्टवेअरच्या बाबतीत हीच कसोटी अधिक खरी ठरते, कारण कॉपीराइट लेखकाकडेच राहतो, परंतु पॅकेज सांभाळणारा मेंटेनर लेखकाला न विचारता त्यात बदल करू शकतो. डेबियनने बदललेल्या आवृत्तीसाठी फायरफॉक्स हे नाव वापरू देण्यास त्या ब्राउझरच्या मालकांनी हरकत घेतली, तेव्हा २००६ मध्ये डेबियनने तोच ब्राउझर ‘आइसवीझल’ या नावाने दिला, आणि मूळ नाव २०१६ मध्ये परतले. यावरून असे दिसते की येथे त्याग होतो तो स्वत्वाचा नसून अखेरच्या शब्दाचा, आणि बहुतेक लेखकांना तोच जड जातो.

अल्लमप्रभूंची कसोटी मात्र पुढच्या सांभाळणीपाशी अपुरी पडते, कारण खोदलेल्या तळ्यातला गाळही कोणीतरी काढावा लागतो, आणि ‘मी’ सुटलेल्या कर्त्यावर ते काम कोण सोपवणार, याचे उत्तर तिच्यात नाही. मेंटेनरने सोडलेले पॅकेज डेबियनमध्ये ‘अनाथ’ म्हणून जाहीर होते. त्याची जबाबदारी घेण्यास कोणी पुढे आले नाही आणि गंभीर दोष साचत गेले, तर ते प्रणालीतून काढून टाकले जाते.