कुजवणारीला वेळेवर थांबवलं तर

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात मेपलच्या झाडाचा रस आटवून पाक करतात. एबेन बेयर तिथल्या शेतावर वाढला. भट्टीत लाकडाच्या ढलप्या लोटायचं काम त्याच्याकडे असे. ओल्या ढिगातल्या ढलप्या कधीकधी सुट्या निघतच नसत. बुरशीच्या पांढऱ्या तंतूंनी त्यांची घट्ट ढेकळं केलेली असत. फावडं मारणाऱ्याला ही कटकटच. पण इंजिनिअरिंग शिकताना त्याला तीच ढेकळं आठवली. २००७ साली गॅव्हिन मॅकिन्टायर या मित्राबरोबर त्याने एकोव्हेटिव्ह ही कंपनी काढली. सुरुवातीला मनात होतं ते घराच्या भिंतीत भरायचं, उष्णता अडवणारं, थर्माकोलची जागा घेईल असं काहीतरी.

धिंगरी अळिंबी लावणाऱ्या आपल्याकडच्या बायकांना तंतूंनी बांधलेल्या अशा ठोकळ्याची निम्मी कृती पाठ असेल. मक्याची ताटं किंवा तूस ओलं करायचं, निर्जंतुक करायचं, बियाणं मिसळून साच्यात दाबायचं. आठवड्याभरात तंतू सगळीकडे शिरतात. अळिंबीवाले इथून छत्र्या फुटायची वाट बघतात. एकोव्हेटिव्हचे लोक इथेच थांबतात. ठोकळा तापवून वाळवला की बुरशी मरते. मोडून पाहिला तर वरून पांढरी, मखमली साल आणि आत तुसाचे तुकडे जसेच्या तसे. त्यांच्या फटींत कोंडलेली हवा उष्णता अडवते.

मला यातलं हे थांबवणंच फार आवडतं. आणखी मोकळीक मिळाली, तर हीच बुरशी सगळं काड खाऊन भुगा करील. बांधणं आणि कुजवणं ही तिच्या लेखी निराळी कामं नाहीतच.

२०१४ साली न्यूयॉर्कमध्ये मोमा पीएस वन या कलासंस्थेच्या अंगणात अशा सुमारे दहा हजार विटांचा मनोरा उभा राहिला. उन्हाळा सरल्यावर तो उतरवून त्याचं खत केलं. प्रदर्शनाला हे शोभतं. घराची भिंत मात्र वर्षानुवर्षं टिकावी लागते, आणि हा ठोकळा पाणी पितो. कंपनीचा धंदाही भिंतींपेक्षा वस्तूंच्या वेष्टनातच आधी चालला, यात नवल नाही. कोकणच्या पावसात तो उघडा लावायची माझी तरी छाती नाही. विदर्भाचं निराळं. तिथे कापसाची पऱ्हाटी शेतातच पेटवून देतात आणि उन्हाळ्यात पत्र्याखाली माणसं भाजून निघतात. गळका नसलेला एखादा पत्रा बघून त्याला आतून हा थर लावून पाहायला काय हरकत आहे?