कुंडीचे सान्निध्य

ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरून किंवा डोंबिवलीच्या पुढे कल्याण-शिळ रस्त्यावरून जाताना नव्या इमारतींचे फलक वाचत गेलो, तर एक शब्द पुन्हा पुन्हा भेटतो : निसर्गाच्या सान्निध्यात. घरांच्या जाहिरातींतला हा शब्द आता कार्यालयांतही येऊन बसला आहे. 1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, त्याच्या आरंभीच्या वसाहतींपैकी एक असलेल्या वागळे इस्टेटमध्ये यंत्रांची घरघर आता पुष्कळ कमी झाली आहे, जुन्या शेडच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आहेत, आणि त्या इमारतींच्या स्वागतकक्षात अरेका पाम, खिडकीशी स्नेक प्लांट, संगणकाच्या पडद्याशेजारी बाटलीतला मनीप्लांट अशी हिरवी मंडळी दिसू लागली आहेत. ही गोष्ट शुभ आहे, असेच मी मानतो. परंतु झाड शेजारी ठेवले म्हणजे झाडाचे सान्निध्य लाभले का, हा प्रश्न आपण साधकांनी सावकाश उलगडून पाहण्यासारखा आहे.

केवळ जवळ असणे म्हणजे सान्निध्य नव्हे, हे कल्याण-डोंबिवलीच्या माणसाला सांगावे लागत नाही. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली, पुढे ती कल्याणला पोचली, आणि तेव्हापासून या पट्ट्यातल्या पिढ्यांचे आयुष्य गाडीच्या वेळापत्रकाला बांधले गेले. सकाळच्या गाडीत खांद्याला खांदा लागलेला असतो, शेजाऱ्याचा श्वास मानेवर जाणवतो, आणि तरीही त्या गर्दीत माणूस एकटाच असतो. उलट आषाढीला मंदिरात प्रवेश न मिळालेला वारकरी दुरून कळसाला हात जोडतो आणि भरल्या मनाने परततो. त्याला सान्निध्य लाभलेले असते. म्हणजे अंतर हे सान्निध्याचे माप नव्हे. ज्याच्याजवळ आपण आहोत त्याच्याकडे आपले चित्त लागले आहे का, आणि त्याच्या असण्याने आपल्यात काही हलते आहे का, हे त्याचे माप.

आळंदीला माउलींच्या समाधीजवळ अजानवृक्ष आहे. त्याच्या सावलीत बसून ज्ञानेश्वरीचे पारायण करणारी माणसे कोणत्याही दिवशी दिसतात. त्या झाडाची मुळी माउलींच्या कंठाला लागली आणि एकनाथ महाराजांनी आळंदीस येऊन ती दूर केली, अशी आपली परंपरा सांगते. ही कथा मी पुष्कळ वर्षे मनात घोळवीत आलो आहे. संताच्या सान्निध्याची ओढ झाडालाही असते, इतके तर ती सांगतेच. पण जवळ आलेल्याला कोणी तरी हळुवार हाताने सावरावेही लागते, हेही ती सांगते. नाथांनी वृक्ष तोडला नाही, मुळी सोडवली. औदुंबरातळी दत्तगुरू, वृंदावनात तुळस, गीतेच्या दहाव्या अध्यायात विभूती म्हणून गणलेला अश्वत्थ : आपल्याकडे झाड हे देवाच्या सान्निध्याचे ठिकाण राहिले आहे, आणि तेथे माणूस रिकाम्या हाताने जात नाही, निदान तांब्याभर पाणी तरी घेऊन जातो. घेणे आणि देणे ही सान्निध्याची दोन अंगे एकमेकांपासून सुटी करता येत नाहीत.

आधुनिक शास्त्र घेण्याचे अंग मोजते, आणि ते मोजणे उपयोगाचे आहे. रॉजर उलरिक या संशोधकाने अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयातल्या, 1972 ते 1981 या काळातील पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेच्या नोंदी तपासल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते रुग्ण, ज्यांना समोर विटांची भिंत होती त्यांच्यापेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. 1984 मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास आजही आदराने सांगितला जातो. मात्र कुंडीतली झाडे खोलीतली हवा शुद्ध करतात, हे जे विक्रेत्यापासून वरिष्ठ अधिकाऱ्यापर्यंत सगळे सांगतात, ते जपून स्वीकारावे. त्याचे मूळ ‘नासा’च्या 1989 च्या प्रयोगात आहे, आणि तो प्रयोग लहान, बंद पेट्यांत झाला होता. 2019 मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा अनेक प्रयोगांचा हिशेब पुन्हा मांडला, तेव्हा साध्या वायुवीजनाची बरोबरी करायला दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडे लागतील असे निघाले. इतकी झाडे ठेवली तर माणसाला बसायला जागा उरणार नाही. मला या निष्कर्षाने दुःख झाले नाही, उलट समाधान वाटले. हवा गाळण्याचे यंत्र म्हणून ज्याला आणले, त्याच्याशी नाते यंत्राचेच राहते. ती जबाबदारी झाडाच्या खांद्यावरून उतरली, की ते आपल्यासमोर केवळ एक जीव म्हणून उभे राहते, आणि सान्निध्य जिवाचेच घडते.

आता या जिवाकडे नीट पाहू. कार्यालयात तग धरणारी बहुतेक झाडे उष्ण प्रदेशातील वनांत मोठ्या वृक्षांच्या पायाशी, गाळून आलेल्या उजेडात वाढणाऱ्या कुळांतली आहेत. आपल्या दिव्यांच्या मंद प्रकाशात ती जगतात ती त्या जुन्या सवयीने. मनीप्लांट मूळचा दक्षिण प्रशांत महासागरातल्या मोरेआ बेटावरचा. आपल्या टेबलावर त्याचे पान तळहातापेक्षा लहान असते, आणि वेल खाली लोंबू लागली तर ते आणखी बारीक होत जाते. तीच वेल अंगणातल्या आंब्याच्या किंवा नारळाच्या खोडाला बिलगली, की वर चढता चढता तिचे पान रुंदावते, हातभर होते, त्याला कडेने खोल चिरा पडतात, आणि ज्याने ती फक्त बाटलीत पाहिली आहे त्याला ही तीच वेल असे सांगूनही पटत नाही. ठाण्यातल्या जुन्या वाड्यांच्या उरलेल्या परसांत अशा वेली मी पाहिल्या आहेत आणि दर वेळी थबकलो आहे. वेल तीच. आधाराला एक खोड लाभले आणि आतले थोरपण बाहेर आले. गुरूच्या सान्निध्याविषयी आपले संत जे सांगत आले, ते ही वेल पानापानाने सांगते. तिला कुंडीत काथ्या गुंडाळलेली काठी रोवून दिली, काठी ओलसर ठेवली, तरी ती आपले म्हणणे थोडेफार सांगू लागते. ज्या कार्यालयात नव्याने रुजू झालेली मुले कोपऱ्यात संकोचून बसलेली असतात, तेथे ही काठी रोवलेली वेल अवश्य ठेवावी.

देण्याच्या अंगाकडे मात्र आपले दुर्लक्ष होते. मोठ्या कार्यालयांत कुंड्या भाड्याने येतात. महिन्याचा करार असतो, ठरलेल्या दिवशी नर्सरीचा माणूस येतो, पिवळे पडलेले झाड उचलतो आणि त्या जागी टवटवीत झाड ठेवतो. व्यवस्था चोख आहे, त्या माणसाच्या पोटाचा प्रश्नही तिच्यात आहे, म्हणून तिला मी नावे ठेवीत नाही. पण थकलेला कोणी दिसताच त्याला बदलून टाकायचे, ही सवय झाडांपाशी थांबत नाही. मलूल झालेल्या झाडाला खिडकीपाशी नेऊन, त्याला नवे पान फुटेपर्यंत वाट पाहणारे एखादे माणूस त्या मजल्यावर असेल, तर तेथे सान्निध्य आहे. पुष्कळदा ते माणूस हाउसकीपिंगच्या मावशी असतात, आणि कोणत्या कुंडीला किती पाणी हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. कार्यालयातली झाडे तहानेपेक्षा अतिपाण्याने अधिक मरतात. आल्यागेल्या प्रत्येकाने उरलेल्या बाटलीतले पाणी प्रेमाने ओतायचे, बंद खोलीत ते लवकर सुकायचे नाही आणि मुळे कुजायची. झेडझेडच्या झाडाला जमिनीखाली कंद असतात, ते आपले पाणी स्वतः साठवून ठेवते. त्याला रोज पाणी घालणे म्हणजे जेवून उठलेल्या पाहुण्याला पुन्हा पाटावर बसवणे. भक्तिभावाने तुळस आणून टेबलावर ठेवणारेही अनेक आहेत. तिला रोज काही तास थेट ऊन लागते, ते मिळत नसेल तर तिला आणू नये. ज्याचे सान्निध्य हवे त्याचा स्वभाव जाणून घेणे, हाच त्या सान्निध्याचा पहिला धर्म.

हिरवा रंग आणि सान्निध्य यांतला भेद डोंबिवलीइतका कोणत्या गावाने सोसला असेल? 2014 च्या जानेवारीत तेथे हिरवा पाऊस पडला. रसायनांनी दिलेला तो हिरवेपणा पाहून कोणाचे मन निवले नाही, लोक घाबरले. भिंतीवर प्लास्टिकची पाने लावून ‘हिरवी भिंत’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. त्या पानांना ना पाणी लागते ना ऊन, ती कधी झडत नाहीत, त्यांच्यावर धूळ बसते. त्यांच्यात आपल्याकडून मागून घेण्यासारखे काहीच नाही, म्हणून देण्यासारखेही काही नाही.

आणखी एक पापुद्रा उरतो. कुंडीचे सान्निध्य खरे असेल तर ते कुंडीत मावत नाही. टेबलावरच्या पानाकडे पाहायला शिकलेली नजर काचेपलीकडे जाते आणि तिला येऊरचे डोंगर दिसतात, जेथे दर आठ वर्षांनी कारवी फुलते. कळव्याकडे गाडी खाडी ओलांडते तेव्हा तिवरांची रांग दिसते, आणि 2022 मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा मान मिळाला तो कोणत्या वैभवाला, ते उमगते. कार्यालयाच्या फाटकाबाहेरचा जुना पिंपळही मग दिसू लागतो. महाराष्ट्रात नागरी क्षेत्रातल्या झाडांच्या जतनाचा कायदा 1975 पासून आहे, आणि महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीवाचून झाड तोडता येत नाही. तोडण्याची नोटीस झाडावर लागते, तिच्यावर हरकत नोंदवण्याचा अधिकार आपल्याला असतो. आत शंभर कुंड्या मांडून वाहनतळासाठी बाहेरचा पिंपळ जाऊ देणाऱ्या संस्थेने निसर्गाच्या सान्निध्याचा फलक लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

वाचकहो, खंडेनवमीला आपण कार्यालयातल्या संगणकांना झेंडूची माळ घालतो, ज्या साधनावर पोट चालते त्याला नमस्कार करतो. तसाच एक नेम झाडासाठी धरा. आपल्या मजल्यावरची एक कुंडी आपली माना. सकाळी काम सुरू करण्याआधी बोटाचे एक पेर मातीत घालून पाहा, कोरडे लागले तरच पाणी घाला, आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पाने पुसा, वातानुकूलन यंत्राचा झोत थेट तिच्यावर येत असेल तर तिची जागा बदला. आणि बदली झाली किंवा निवृत्तीचा दिवस आला, तर फायलींबरोबर ही कुंडीही कोणाच्या तरी हाती, तिचा स्वभाव समजावून सांगून, सोपवून या.