मांडीवरचा लेक

दत्तक घेतलेला मुलगा हा मुलगा असतो की नसतो, या एका प्रश्नावर साताऱ्याचं राज्य गेलं. शाळेत आम्हाला हे एका ओळीत शिकवलं होतं. डलहौसीनं सातारा खालसा केला, साल १८४८. ओळ पाठ झाली, मार्क मिळाले, विषय संपला. खालसा म्हणजे नेमकं काय झालं हे मला पुढं भावकीतल्या जमिनीच्या भानगडी बघून कळलं.

पेशवाई बुडाली तेव्हा इंग्रजांनीच छत्रपती प्रतापसिंहांना साताऱ्यात कारभार दिला. २५ सप्टेंबर १८१९ ला तह झाला. राजा, त्याची मुलं, वारस आणि त्यांच्या मागून येणारे यांनी या मुलखावर कायम राज्य करावं, असं त्यात लिहिलं. राजा कामाचा माणूस होता. शाळा काढली, दफ्तर नीटनेटकं ठेवलं, स्वतःची रोजनिशी लिहायचा. पण जहागीरदारांवर हुकूम कुणाचा, यावरनं त्याचं आणि मुंबई सरकारचं फाटलं. मग आरोप आले. गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधलं, नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांशी पत्रव्यवहार केला, पलटणीतले शिपाई फितवले. चूक झाली असं लिहून द्या, गादी ठेवतो, असं गव्हर्नर म्हणाला. राजानं सही केली नाही. सप्टेंबर १८३९ मध्ये त्याला वाड्यातनं काढून काशीला धाडलं आणि धाकटा भाऊ शहाजी ऊर्फ आप्पासाहेब याला गादीवर बसवलं. प्रतापसिंह काशीलाच १८४७ च्या ऑक्टोबरात वारले. पुढच्या एप्रिलात आप्पासाहेबही गेले. दोघांनाही मुलगा नव्हता. दोघांनीही दत्तक घेतला होता, एकानं काशीत आणि एकानं साताऱ्यात, अगदी मरणाच्या दारात.

डलहौसी आणि त्याच्या लोकांचं म्हणणं असं होतं, की दत्तक मुलाला बापाचं पाणी देता येईल, घरातली भांडीकुंडी, दागदागिने, खाजगी मालमत्ता घेता येईल, पण आमच्या परवानगीशिवाय घेतलेल्या दत्तकाला राज्य मिळणार नाही.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या शिवारातली एक गोष्ट आठवली. नावं सांगत नाही, ती माणसं अजून आहेत. एका म्हाताऱ्यानं बायकोच्या भाच्याला मांडीवर घेतलं होतं. होम झाला, गावजेवण झालं, पेढे भावकीनंच वाटले. पोरगं वीस वर्षं त्या रानात राबलं, विहिरीचा गाळ त्यानं काढला. म्हातारा गेला तेव्हा मडकं कुणी धरायचं यावर कुणीच वाद घातला नाही. सगळे म्हणाले, "तूच धर की, तुझाच मान हाय." तेराव्याचा खर्चही त्याच्याच अंगावर. चौदाव्या दिवशी हीच माणसं तलाठ्याकडं गेली आणि वारस नोंदीला हरकत घेतली. म्हणे, "रक्ताचा कुठं हाय ह्यो?" कायदा १९५६ पासून स्वच्छ सांगतो, की दत्तक झाल्या दिवसापासून तो त्या घरचा मुलगा, सगळ्या कामांसाठी. तरी फेरफार मंजूर व्हायला कैक वर्षं गेली, आणि त्या पोराच्या डोक्याचे केस तेवढ्यात पिकले.

मला यात जमिनीपेक्षा वेगळंच काही खटकत आलंय. माणूस मुलगा असेल तर पुरता असेल, नसेल तर नसेल. जिथं राबायचं, रडायचं, खांदा द्यायचा तिथं तो मुलगा, आणि जिथं नाव चढवायचं तिथं परका, ही वाटणी कुणी केली? ती नेहमी ज्याला जमीन पाहिजे असते तोच करतो. लाटसाहेबानं केली आणि आमच्या भावकीनंही केली. इंग्रजाला शिव्या देऊन मोकळं होणं सोपं आहे म्हणून हे लिहिलं.

आणि सगळे इंग्रजही तसले नव्हते. त्या वेळी साताऱ्याला बार्टल फ्रिअर रेसिडेंट होता. दत्तक मान्य करा, असं त्यानं वर कळवलं. मुंबईचा गव्हर्नर क्लार्क याचंही मत तेच होतं. पण कौन्सिलातल्यांनी आणि कलकत्त्यानं उलट ठरवलं, आणि पुढं त्याच फ्रिअरला खालसा मुलखाचा कमिशनर नेमलं. तो बसलाही खुर्चीवर. रंगो बापूजी मात्र निराळा. राजाची बाजू मांडायला विलायतेला गेला आणि १८५३ पर्यंत तिथंच ठाण मांडून राहिला. मध्ये धनी वारला, मग राज्य गेलं, तरी याचे अर्ज चालूच. परत आल्यावर सत्तावन्नच्या धामधुमीत तो जो नाहीसा झाला तो पुन्हा कुणाच्या हाती लागला नाही. त्याच्या मुलाला साताऱ्यात फाशी दिली.

आता खरी गंमत पुढं आहे. १८६२ मध्ये लॉर्ड कॅनिंगनं संस्थानिकांना सनदा दिल्या, की तुम्ही घेतलेला दत्तक आम्ही मान्य करू. म्हणजे चौदा वर्षांत नियमच फिरला. पण जुन्या नियमानं घेतलेलं साताऱ्याचं राज्य काही परत आलं नाही. नव्या नियमाचं काय झालं ते बघा. १८७५ मध्ये बडोद्याच्या राणी जमनाबाईंनी मालेगावजवळच्या कवळाण्याचं एक शेतकऱ्याचं पोर दत्तक घेतलं. इथं कशाला आलास, असं विचारल्यावर ते "राज्य करायला" म्हणालं, अशी गोष्ट सांगतात. तेच सयाजीराव महाराज. १८८४ मध्ये कागलच्या घाटग्यांचा यशवंतराव कोल्हापूरला दत्तक गेला, तो शाहू महाराज झाला. १९०२ मध्ये त्यानं मागासलेल्यांना निम्म्या जागा राखून ठेवल्या. साताऱ्याचा कायदा कोल्हापूरला लावला असता तर हा माणूस कागलातच राहिला असता. साताऱ्यानं काशीत आणि साताऱ्यात मांडीवर घेतलेल्या त्या दोन पोरांतनं काय निघालं असतं, कुणी सांगावं.

१८७७ च्या दिल्ली दरबारात संस्थानिकांना एकेक निशाण दिलं, त्यावर विलायती पद्धतीची ढाल काढलेली. चित्रं काढणारा रॉबर्ट टेलर म्हणून एक गोरा अधिकारी. पिढ्यान्‌पिढ्या जरीपटका आणि भगवा मिरवणाऱ्यांना तुमचं कुळचिन्ह हे, असं परक्यानं सांगायचं. कवळाण्याचं पोरही तिथं होतं. साताऱ्याला बोलावणंच नव्हतं, राज्यच नव्हतं तर ढाल कशाची?

याचा अर्थ मला राजे परत पाहिजेत असा कुणी काढू नये. माझ्या आज्यानं वेठ केलेली आहे. १९७१ मध्ये संसदेनं सव्विसावी घटनादुरुस्ती करून सगळ्याच संस्थानिकांची मान्यता आणि तनखे बंद केले तेव्हा मला बरंच वाटलं. पण मी मनाशी घोळवतो, तोही दिलेला शब्दच होता. तनखे देऊ असं घटनेत लिहिलं होतं, जसं १८१९ च्या तहात लिहिलं होतं. मग एक मोडला तर अन्याय आणि दुसरा मोडला तर न्याय, हे कसं? डलहौसीनं गादी मोडली ती स्वतःच्या सरकारात मिळवायला. संसदेनं मोडली तेव्हा त्यावर दुसरा कुणी राजा बसला नाही, आणि सगळ्यांना एकच माप लावलं. एवढा फरक मला दिसतो. तो पुरेसा आहे का, यावर माझं आणि आमच्या गावच्या एका निवृत्त गुरुजींचं अजून जमत नाही. गुरुजी म्हणतात, "शब्द तो शब्द. माप सारखं असलं म्हणून मोडलेला शब्द साजरा होत नाही." मी म्हणतो, "गुरुजी, तनखा कुणाच्या सारापट्टीतनं जायचा ते बघा." मग ते चहा सांगतात.

थोरल्या महाराजांची मुद्रा आठकोनी होती. प्रतिपदेच्या चंद्रासारखी वाढणारी, जगानं वंदिलेली, लोकांच्या भल्यासाठी शोभणारी ही शहाजीच्या मुलाची मुद्रा, असा तिचा अर्थ. म्हणजे कुणाचा मुलगा हे तिच्यातही आहेच. २०२२ मध्ये नौदलाचं निशाण बदललं, त्यावरचा आठकोन या मुद्रेवरनं घेतला. आमच्याकडं ती मोटारींच्या काचांवर असते, लग्नपत्रिकेवर असते, पुतण्याच्या ट्रॅक्टरवरही आहे. त्याला मी एकदा अर्थ विचारला. त्याला येत नव्हता. मी सांगितला, तर "शहाजीच्या मुलाची" इथं थांबला आणि म्हणाला, "आणि लोकांच्या भल्याचं? ते आधी का नाही सांगितलं कुणी?"