जननी कोणास म्हणावे? दत्तक अपत्याचा प्रश्न आणि श्रीकृष्णचरित्र

श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधातील पंचेचाळिसावा अध्याय अभ्यासकांच्या नित्य परिचयाचा आहे. कंसवध झाला, देवकी-वसुदेवांची बंधने तुटली, उग्रसेनास राज्य मिळाले, आणि गोकुळाहून आलेल्या नंदाचे मथुरेत आता काही काम उरले नाही. अशा वेळी श्रीकृष्ण व बळिराम नंदाजवळ जातात. आप्तांना ज्याचे पोषण व रक्षण करणे शक्य झाले नाही अशा बालकाला जे स्वतःच्या पुत्राप्रमाणे वाढवितात, त्यांनाच पिता आणि माता म्हणावे, अशा आशयाचे उद्गार तेथे श्रीकृष्णमुखी आहेत. नंद दोघांना पोटाशी धरतो, त्याचे डोळे भरून येतात, आणि तो गोपांसह व्रजाकडे परततो. प्रसंग एवढाच.

परंतु त्याच अध्यायाच्या आरंभी, देवकी-वसुदेवांसमोर, श्रीकृष्णांनी निराळेच सांगितले आहे. ज्यांच्यापासून हा देह लाभला त्यांचे ऋण शंभर वर्षांच्या आयुष्यातही फिटत नाही असे म्हणून, बालपणी आपली सेवा घडली नाही याबद्दल त्यांनी क्षमा मागितली आहे. कीर्तनकार बहुधा यांपैकी एकच वचन उचलतात. यशोदेचा महिमा गायचा असेल तर दुसरे, मातृपितृऋण सांगायचे असेल तर पहिले. भाष्यकाराला अशी निवड करता येत नाही. एकाच अध्यायात, एकाच मुखाने दोन्ही वचने आली असतील तर ती दोन्ही एकत्र कशी नांदतात हे पाहणे त्याला प्राप्त आहे.

हा अध्याय मला पुन्हा उघडावा लागला तो एका बालिकेमुळे. विदर्भातील एक उपदेशी वासनिक दांपत्य अष्टमीच्या निमित्ताने मठात आले होते. त्यांची दहा वर्षांची कन्या चार महिन्यांची असताना शिशुगृहातून त्यांच्या घरी आली. योग्य वेळ आली की सांगू, असे म्हणता म्हणता दहा वर्षे गेली. आणि शाळेत एका मुलीने तिला, तू आणलेली आहेस, असे ऐकविले. मुलगी दोन दिवस जेवली नाही. आरशापुढे उभी राहून आपले नाक आणि आईचे नाक ताडून पाहू लागली. आईवडिलांच्या देखत तिने मला विचारले, "बाबा, श्रीकृष्णदेवांना दोन आया होत्या ना? मग ते आई कोणाला म्हणत?"

तत्त्वदृष्ट्या या प्रश्नाला आपल्या शास्त्रात जागा आहे, आणि ती दोन्ही बाजूंच्या अभिमानाला सोयीची नाही. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चारही पदार्थ अनादी आणि परस्परांहून भिन्न आहेत. जीव कोणापासून उत्पन्न होत नाही. मातापिता देहाला निमित्त होतात, जीवाला नव्हे. मग रक्ताच्या नात्याला जीवाचे नाते मानणे हा भ्रमच ठरतो. उदरात वाढविणारी आणि मांडीवर वाढविणारी, दोघीही त्या जीवाच्या प्रवासातील निमित्ते. आमच्या परंपरेला हे केवळ सिद्धांतापुरते ठाऊक आहे असे नाही. श्रीगोविंदप्रभूंचे आईवडील त्यांच्या बालपणीच निवर्तले आणि मामा-मावशीने त्यांना ऋद्धिपूरला आणून वाढविले. ज्यांना असे परक्या अंगणात वाढावे लागले, त्यांनाच पुढे ऋद्धिपूरचे लोक आपली आई आणि आपला बाप मानू लागले. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींचा अवतार तर पतिताचा. भडोचच्या प्रधानाचा पुत्र हरिपाळदेव निवर्तला असता त्याच देहाचा स्वीकार होऊन तो देह उठला. विशाळदेवाच्या घरी जो पुत्र परत आला तो देहाने त्यांचा होता. आत कोण होते हे त्या घराला कळले नव्हते, तरी त्या घराच्या वात्सल्याचा अव्हेर स्वामींनी केला नाही.

एवढे खरे. पण दहा वर्षांच्या मुलीला हे सांगून तिचे समाधान करावे, हा मोह मात्र आवरला पाहिजे. सगळीच नाती निमित्तमात्र असतात, हे वाक्य पंडिताच्या तोंडी सिद्धांत असते. रडणाऱ्या मुलाला ऐकविले की ती पळवाट होते. त्या मुलीला जीवस्वरूप विचारायचे नव्हते. आपण कोणाला नको होतो काय, हे तिला विचारायचे होते, आणि ते विचारण्याचे धैर्य नव्हते म्हणून तिने श्रीकृष्णदेवांना मध्ये घेतले.

येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. अवतारास अज्ञान नसते. अकरा वर्षे गोकुळात राहताना आपण कोण हे श्रीकृष्णांना नव्याने कळावयाचे नव्हते. ज्याला कळावयाचे होते, ज्याला ते पचवावयाचे होते, तो नंद. म्हणून दत्तक अपत्याच्या मनाची घालमेल श्रीकृष्णचरित्रात शोधली तर सापडणार नाही. ती सापडते महाभारताच्या उद्योगपर्वात, कर्णाच्या मुखी. आणि त्याला त्याचे जन्मरहस्य सांगणारेही श्रीकृष्णच आहेत. गोकुळात वाढलेले देवकीनंदन सूताघरी वाढलेल्या कुंतीपुत्राला रथात बसवून, तू कोणाचा आहेस, हे सांगतात. हा योग सामान्य नव्हे.

कर्णाचे उत्तर सावकाश वाचावे. राज्य मिळेल, पांडव पाय धरतील, हे ऐकूनही तो प्रथम बोलतो ते राधेविषयी. अधिरथाने मला घरी नेऊन तिच्या स्वाधीन केले तेव्हा वात्सल्याने तिला पान्हा फुटला; तिने माझे मलमूत्र काढले; अधिरथाने माझे जातकर्म केले, नाव ठेविले, विवाह केले. अशांना मी माझे नव्हेत असे कसे म्हणू, आणि तेही सोन्यासाठी, पृथ्वीसाठी, हर्षाने की भयाने? हा झाला श्रीकृष्णांपुढचा कर्ण. पुढे गंगातीरी त्याचा जप संपेपर्यंत कुंती ताटकळत उभी राहते, आणि तिच्यापुढे हाच कर्ण निराळे बोलतो. शत्रूनेही केले नसते ते तू केलेस; आईपण कधी केले नाहीस, आणि आज उपदेश करण्यास आलीस तो स्वतःच्या हितासाठी. तरीही तिला तो रिकाम्या हाताने पाठवीत नाही; अर्जुनावाचून इतर चौघांना मारणार नाही असे वचन देतो.

कृतज्ञता, संताप आणि करुणा, तिन्ही एकाच अंतःकरणात आहेत. पोसणाऱ्या आईवडिलांनी हे स्थळ अवश्य अभ्यासावे, कारण त्यांना बहुधा मुलाच्या संतापाचे भय वाटते. मूल जन्मदात्रीविषयी विचारू लागले की आपले प्रेम उणे पडले असे त्यांना वाटते. कर्णाने कुंतीला कठोर शब्द सुनावले म्हणून राधा उणी झाली नाही. आणि राधेविषयी त्याच्या मनात अणुमात्र किंतु नव्हता, तरी कुंतीविषयीचे शल्य गेले नाही. या दोन भावना एकमेकींच्या वाटेत येत नाहीत.

आता कर्णकथेतील खरा अनर्थ कोठे आहे? सूताच्या घरी वाढण्यात नाही. ते घर चांगलेच होते. अनर्थ आहे तो उशिरा आणि हेतूने सांगण्यात. युद्ध दाराशी आले तेव्हा त्याला सांगितले गेले, आणि त्यातून सांगणाऱ्याला काही साधावयाचे होते. धाकट्या भावांना तर तो पडल्यानंतर, तिलांजलीच्या वेळी कळले. आपण थोरल्या भावाला मारले हे युधिष्ठिराने मातेच्या मुखातून ऐकले, आणि त्या दुःखात त्याने समस्त स्त्रीजातीला शापिले. (तो शाप अन्यायाचा आहे, असे माझे मत आहे. कुंतीला तेव्हा बोलू देईल असा समाज नव्हता, आणि शाप द्यावयाचाच तर त्या समाजाला द्यावयास हवा होता.)

म्हणून मूल कळते व्हावयाच्या आधीच, घरातल्या घरात, साध्या शब्दांत सांगावे. शेजारणीने किंवा वर्गमैत्रिणीने सांगण्याची वाट पाहू नये. यावर आपल्यातील काही वृद्ध विचारतील की, आचारधर्मात स्वदेश, स्वग्राम आणि विशेषतः संबंधीयांचा संबंध त्याज्य सांगितला असता, ज्या मुलाचा जन्मसंबंध आपोआपच सुटला आहे त्याला तो मुद्दाम का दाखवावा? आक्षेप वरवर प्रमाणाला धरून आहे, पण टिकणारा नाही. त्याग ज्ञात वस्तूचा होतो. जे मजपासून लपविले गेले त्याचा त्याग माझ्या हातून कसा होईल? ते माझ्याकडून काढून घेतलेले असते, मी सोडलेले नसते. आणि तो उपदेश अनुसरलेल्या भिक्षूसाठी आहे; प्रौढ जीव समजून-उमजून जो संबंध सोडतो, त्याच्या आधाराने अजाण लेकरापासून काही दडविण्याचे समर्थन करणे म्हणजे सूत्राला भलत्या कामाला जुंपणे होय.

येथे स्वतःचा थोडा उल्लेख करणे भाग आहे. मला आईवडिलांनी वयाच्या आठव्या वर्षी मठात अर्पण केले. आम्ही चौघे भाऊ. त्यांत मलाच का, हा प्रश्न मला बरीच वर्षे होता. माझ्या साधनदात्या गुरूंनी त्याचे उत्तर स्वतः दिले नाही आणि मला गप्पही केले नाही. तुझी आई यात्रेला येईल तेव्हा तिलाच विचार, एवढेच ते म्हणाले. मी विचारले. तिने पदराने माझे तोंड पुसले आणि ती काही बोलली नाही. उत्तर मिळाले नाही ते आजतागायत. परंतु प्रश्न विचारता आला, आणि तो ऐकून कोणी रागावले नाही, यामुळे पुढची वर्षे सुसह्य झाली. दत्तक अपत्याची स्थिती याहून कठीण असते. त्याला विचारावयास समोर बहुधा कोणी नसते.

प्राचीन धर्मशास्त्राने औरस, दत्तक, क्रीत, कानीन असे पुत्रांचे बारा प्रकार मोजले आणि आईबापांनी टाकलेल्या व दुसऱ्याने घेतलेल्या मुलास 'अपविद्ध' असे नाव दिले. मोजणी सारी दायभागासाठी व पिंडासाठी. मुलाला काय वाटते याची नोंद त्यात नाही. आपल्याकडील संस्थानिकांनी व इनामदारांनी जी दत्तके घेतली तीही गादीसाठी. आज कायद्याची दृष्टी बदलली आहे. १९५६ च्या हिंदू दत्तक व पोटगी अधिनियमाने दत्तक मुलगा वा मुलगी ही सर्व अर्थांनी त्या घरचीच मानली; मात्र जन्मकुळात जो विवाह निषिद्ध तो दत्तकानंतरही निषिद्धच ठेविला, म्हणजे कायद्यानेही जन्म पुसून टाकला नाही. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाने मूल सोपविणाऱ्या आईवडिलांना फेरविचारासाठी साठ दिवस दिले आहेत. २०२२ च्या दत्तक नियमांप्रमाणे अठरा वर्षे पूर्ण झालेल्या दत्तक व्यक्तीला, जन्मदात्यांच्या गोपनीयतेची मर्यादा सांभाळून, आपल्या मुळाचा शोध घेण्यासाठी अर्जही करता येतो.

त्या २०१५ च्या अधिनियमात मूल सोपविण्याचे जे कारण सांगितले आहे ते लक्षणीय आहे : स्वतःच्या ताब्याबाहेरील शारीरिक, भावनिक व सामाजिक परिस्थिती. भागवतातील श्रीकृष्णवचनात ज्यांनी बालक सोडले त्या आप्तांना जे विशेषण आहे ते 'अकल्प', म्हणजे असमर्थ. निर्दय म्हटलेले नाही. वसुदेवाने मूल यमुनेपलीकडे नेले ते ते नको होते म्हणून नव्हे. त्याच्या घरात ते जगले नसते. त्या मुलीच्या न विचारलेल्या प्रश्नाला माझ्याजवळ याहून दुसरे उत्तर नव्हते, आणि तेही मी अर्धेच दिले. कारण तिची जन्मदात्री देवकीसारखी होती की कुंतीसारखी, हे मला ठाऊक नाही, तिच्या आईवडिलांनाही नाही. न कळणाऱ्या गोष्टीवर गोड कथा रचून देऊ नये. विशेषतः तुझी आई मेली, हे असत्य घराघरांत सर्रास सांगितले जाते. ते एक दिवस उघडे पडते, आणि त्याबरोबर घरातील इतर सत्यांवरचाही विश्वास जातो. आम्हांला ठाऊक नाही, तुला शोधावेसे वाटले तर आम्ही बरोबर येऊ, असे म्हणणे अवघड असले तरी तेच म्हणावे.

बरोबर येऊ म्हणताना आईवडिलांचा जीव थरथरतो, हे मी त्या दिवशी पाहिले. शोधले आणि गेली तर? सर्वज्ञांच्या मांडीखाली पारध्यांच्या कुत्र्यांपासून लपलेल्या सशाची लीळा सर्वांना माहीत आहे. शरण आलेल्याचे रक्षण हा तिचा पूर्वार्ध आपण सांगतो. उत्तरार्ध असा की भय टळल्यावर स्वामींनी मांडी उचलली आणि त्याला जाऊ दिले. रक्षण केले म्हणून तो आपला झाला, असे तेथे कोणी म्हटलेले नाही.

मुलीने विचारले होते की देव आई कोणाला म्हणत. त्याचे उत्तर मला दशम स्कंधात आणखी पुढे, ब्याऐंशीव्या अध्यायात सापडले. सूर्यग्रहणाच्या पर्वात द्वारकेचे यादव आणि व्रजातील गोप कुरुक्षेत्री एकत्र येतात. एवढ्या वर्षांनी श्रीकृष्ण आणि बळिराम नंद-यशोदेला भेटतात, आलिंगन देतात, वंदन करतात, आणि कंठ दाटून आल्याने काहीच बोलत नाहीत. यादवपरिवारात देवकी-वसुदेव तेथेच आहेत, तरी नंद-यशोदेसाठी त्या श्लोकात शब्द आला आहे तो 'पितरौ', आईवडील. त्यानंतर रोहिणी आणि देवकी पुढे होऊन यशोदेला मिठी मारतात. ज्यांनी आपले आईबाप डोळ्यांनी पाहिले नव्हते त्या लेकरांना, पापणीने डोळा जपावा तसे तुम्ही जपले, याची फेड कशानेही होणार नाही, असे त्या सांगतात. यशोदा काय म्हणाली, ते तेथे दिलेले नाही.